घड्याळ राहू द्या, लाईटचं टाइमटेबल बदला

संपादक साहेब, नमस्कार.

युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं आणि हिवाळ्यात परत मागं करायची पद्धत आहे, ती बंद करायची का नाही यावर जो वाद चाललाय त्याची बातमी मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आली होती, आतल्या पानावर खाली कोपऱ्यात, बऱ्याच जणांनी वाचली पण नसंल. मी वाचली कारण त्याच आठवड्यात आमच्या घरात त्यावरून गोंधळ झाला होता.

पोरगी जर्मनीत नोकरीला आहे. पाचला ड्युटी सुटली की फोन लावती, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेआठ. आमची माय जेवण उरकून आठ पंचवीसलाच मोबाईल मांडीवर घेऊन बसलेली असती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर मागं घेतात, मला माहीत होतं पण डोक्यातून गेलं. सोमवारी साडेआठ झाले, पावणेनऊ झाले, फोन नाही. माय म्हणली, "कामून रे, लेकराला दुखलं-खुपलं का काय?" म्हणलं माय, तिकडं सरकारनंच घड्याळ एक तास मागं केलंय, आता फोन साडेनऊला येणार. तर म्हणली, "सेल संपला आसंल, नवा टाकायला सांग तिला." आता मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हेच.

गंमत म्हणजे ही भानगड तिकडच्याही लोकांना नको आहे. २०१८ ला युरोपियन युनियननं लोकांचं मत मागवलं तर ४६ लाख उत्तरं आली, त्यात ८४ टक्के लोक म्हणले बंद करा. मार्च २०१९ मध्ये तिथल्या संसदेनं ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठराव केला की २०२१ पासून हे बंद. पण ते देशोदेशीच्या सरकारांपाशी जाऊन अडकलं ते अडकलंच. कारण बंद करायचं म्हणलं की पुढचा प्रश्न येतो, कायमचा उन्हाळ्याचा टाइम ठेवायचा का हिवाळ्याचा? स्पेनच्या पश्चिम टोकाला डिसेंबरात आत्ताच नऊच्या सुमाराला उजाडतं, तिथं उन्हाळ्याचा टाइम कायम केला तर दहाला उजाडंल. अमेरिकेत पण तेच. २०२२ ला सिनेटनं, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहानं, उन्हाळ्याचा टाइम कायम करायचं बिल एकमतानं पास केलं आणि खालच्या सभागृहानं ते विचारात सुद्धा घेतलं नाही. त्यांनी एकदा करून बघितलेलं आहे की, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळात, जानेवारी १९७४ ला, दोन वर्षांसाठी म्हणून. लेकरं अंधारात शाळेला जायला लागली, लोक बोंबलले, ऑक्टोबरात कायदा मागं घेतला. मेक्सिकोनं मात्र २०२२ ला मुकाट्यानं बंद करून टाकलं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं टाकलं की भारतानं पण घड्याळ पुढं न्यावं, वीज वाचंल. ही काही त्याच्या डोक्यातली आयडिया नाही, बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजच्या अभ्यासकांनी हिशोब मांडलेला आहे की आपली प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढं केली तर वर्षाला २७० कोटी युनिट वाचतील. असंल, हिशोब बरोबर असंल. आसामवाल्यांना तर हे पाहिजेच आहे, त्यांच्याकडं उन्हाळ्यात चार-साडेचारला उजाडतं, चहाच्या मळ्यांत ते पहिल्यापासून एक तास पुढचा 'बागान टाइम' पाळतात, त्यांची मागणी रास्त आहे. पण आमचं काय? देशाची वेळ ठरती मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरून आणि लातूर आहे साडेशहात्तरच्या आसपास. म्हणजे सूर्य डोक्यावर येतो तोवर आमच्या घड्याळात बहुतेक महिने सव्वाबारा उलटून गेलेले असतात, जानेवारीत तर साडेबारा होतात. तेव्हा उजाडतं पण जवळजवळ सातला. अजून अर्धा तास ढकललं तर साडेसातला. सकाळच्या शाळेची लेकरं सात वाजता अंधारात फाट्यावर एस्टीची वाट बघत उभी राहणार का?

बरं, बर्लिनला जूनमध्ये जवळपास सतरा तास दिवस आणि डिसेंबरात पावणेआठ, त्यांची तारांबळ समजू शकते. आमच्याकडं मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान दिवसात दोन-सव्वादोन तासांचा फरक. तेवढ्यासाठी घड्याळाला हात लावायची गरजच पडली नाही. ऊन वाढलं की शाळा सकाळची होती, मजूर सहालाच रानात जातात आणि अकराला सावली धरतात, बाजार चारनंतर भरतो. वेळ तीच ठेवायची आणि काम सरकवायचं. २०२४ ला राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हणून आदेश काढला ते पण असंच, त्यात घड्याळाचा काटा कुठं हलवला? (तो आदेश किती शाळा पाळायलेत ते सोडा.)

आणि वीज वाचवायची, वेळेचं नियोजन करायचं, हे एवढं सगळं बोलायचंच असंल तर आमच्या शेतातल्या लाईटच्या वेळेवर कोण बोलणार? आत्ता हरभऱ्याला पहिलं पाणी चालू आहे. मोटार चालवायची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की दहाला लाईट येती, एका हातात ब्याटरी, दुसऱ्या हातात काठी, चिखलात पाय, पाण्याची दारं धरता धरता पायाखाली काय वळवळलं ते दिसत नाही. स्टार्टर टाकून बांधावर बसावं तर अर्ध्या तासात फ्यूज जातो आणि डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, चालत जावं लागतं, वाटंत रानडुकरं. दिवसा लाईट देऊ, सोलरवर फीडर (शेताला वीज आणणारी लाईन) टाकू, हे ऐकून ऐकून कान किटले, काही गावांत झालं पण असंल, आमच्या फीडरवर अजून पाळीच आहे. अर्ध्या तासाच्या घड्याळावर चर्चा करणाऱ्यांनी हे बारा तासांचं उलटं घड्याळ आधी सरळ करावं.

या आठवड्यात आमची रात्रीची पाळी आहे. रान दोन किलोमीटर लांब, सव्वानऊला घर सोडावं लागतं, विहिरीपाशी रेंज नाही. ऑक्टोबरात साडेआठचा फोन घेऊन, पोरीशी बोलून मग निघत होतो. आता तिचा फोन येतो तवर मी निम्म्या वाटंत असतो, सकाळी माय सांगती काय काय बोलली ते.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. औसा, जि. लातूर