प्रोसेसर घेण्याआधी काम कुठे अडते ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आणि कॉलेज सुरू होण्याच्या सुमारास खरेदीच्या पुरवण्यांत ‘गेमिंग आणि एडिटिंगसाठी बेस्ट प्रोसेसर’ अशा मथळ्याचे तक्ते छापून येतात. कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) किती, गिगाहर्ट्झ (घड्याळाचा वेग) किती, किंमत किती, एवढे तीन रकाने. तो तक्ता मोबाइलवर दाखवत गिऱ्हाईक दुकानात येते आणि सगळ्यात मोठा आकडा मागते. महागड्या प्रोसेसरच्या बाबतीत हे तीन रकाने बहुतेक वेळा चुकीच्या खरेदीची वाट दाखवतात, म्हणून हे पत्र.

एकच जोडी घ्या. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी: ८ कोअर, कमाल ५.२ गिगाहर्ट्झ. इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के: २४ कोअर, कमाल ५.७ गिगाहर्ट्झ. तक्त्यात दुसरा दोन्ही रकान्यांत पुढे. गेम लावला की मात्र आठ कोअरवाला स्पष्टपणे पुढे जातो. कारण तक्त्यात नसलेल्या चौथ्या रकान्यात आहे: एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी. ९८००एक्स३डीमध्ये ती ९६ एमबी, २८५केमध्ये ३६ एमबी. गेममध्ये प्रत्येक फ्रेमसाठी हजारो वस्तूंची विखुरलेली माहिती लागते. ती कॅशमध्ये सापडली तर साधारण दहा नॅनोसेकंदांत हाती येते. रॅममधून आणायची तर सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात. तेवढ्या वेळात ५ गिगाहर्ट्झचे घड्याळ साडेतीनशे-चारशे ठोके देऊन मोकळे होते आणि कोअर नुसता वाट पाहत बसतो. असे वाट पाहणारे २४ कोअर असले काय आणि ८ असले काय. फ्लाइट सिम्युलेटर, शहर उभारण्याचे आणि मोठ्या सैन्यांचे डावपेचाचे गेम यांत हा फरक सर्वांत जास्त दिसतो.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर (प्रोसेसरवर) रेंडर, म्हणजे अंतिम दृश्य तयार करण्याचे काम, लावा, चित्र उलटते. तिथे काम तुकड्यांत वाटता येते, प्रत्येक कोअर आपापला तुकडा घेऊन बसतो. २८५के किंवा १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स तिथे आठ कोअरवाल्याला खूप मागे टाकतो. पण आज ब्लेंडरचे बहुतेक रेंडर ग्राफिक्स कार्डावरच होतात आणि कितीतरी पट लवकर होतात. सीपीयू कामाला लागतो तो सीन कार्डाच्या मेमरीत मावत नाही तेव्हा, किंवा सिम्युलेशन बेक करताना, म्हणजे त्याची आकडेमोड आधीच करून साठवताना. फोटोशॉपला एका कोअरचा वेग आणि भरपूर रॅम हवी. तिथे सोळा कोअर निम्मे झोपलेलेच असतात.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता घेऊ?’ हा नको, ‘आत्ताच्या मशीनवर काम कुठे अडते?’ हा हवा. गेमसाठी त्याची परीक्षा पाच मिनिटांची आहे. नेहमीच्या सेटिंगवर फ्रेमचा आकडा लिहून घ्या. मग फक्त रिझोल्यूशन खाली आणा, १४४० असेल तर १०८०. फ्रेम वाढल्या, तर ग्राफिक्स कार्ड अडत होते. नवा प्रोसेसर घेऊन काही हाती लागणार नाही. आकडा जागचा हलला नाही, तर अडवणारा प्रोसेसर. ही परीक्षा घेताना व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवायची, नाहीतर आकडा त्या मर्यादेलाच अडकलेला असतो आणि दोष प्रोसेसरवर येतो. ४के मॉनिटरवर सगळे चढवून खेळणाऱ्याला ९८००एक्स३डी आणि साधा ९७००एक्स यांत सरासरी फ्रेमचा फरक बऱ्याच गेममध्ये जाणवणारही नाही. १०८० किंवा १४४० वर २४० हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर तोच फरक ठळक दिसेल.

एडिटिंगचा घोळ याहून मोठा. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या मंडळींची तक्रार ठरलेली असते: ‘टाइमलाइन अटकते, जास्त कोअरचा प्रोसेसर द्या.’ फाइल उघडून पाहिली तर १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जादा माहिती साठवणारा प्रकार. सोनी आणि कॅननच्या अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हे रेकॉर्ड करता येते. ही फाइल उलगडायला हार्डवेअर डिकोडर (चिपमधला त्याच कामाचा खास भाग) लागतो. तो नसला की सगळा भार कोअरवर पडतो आणि सोळा कोअरही धापा टाकतात. रायझनमधल्या छोट्या ग्राफिक्समध्ये ४:२:२ चा डिकोडर नाही. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओच्या भागात आहे, पण एचईव्हीसी (एच.२६५) या प्रकारासाठी. त्याच कॅमेऱ्यात एच.२६४ ४:२:२ निवडले असेल, तर क्विक सिंकही हात वर करते. सोनीच्या मेनूत एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी आणि एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, दुखणे अनेकदा या एका अक्षरात असते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत मात्र दोन्हींचा डिकोडर आला आहे. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरची आवृत्ती तेवढी ताजी हवी. म्हणजे ज्याच्याकडे आरटीएक्स ५० चे कार्ड आहे त्याने क्विक सिंकसाठी इंटेलकडे जाण्याचे कारण उरले नाही, आणि ज्याच्याकडे जुने कार्ड आहे त्याला इंटेलचा २६५केसुद्धा सोळा कोअरच्या रायझनपेक्षा सुखाची टाइमलाइन देऊ शकतो. दोन्ही परवडत नसेल तर प्रॉक्सी (फाइलच्या हलक्या प्रती) बनवून काम करावे; त्याला एक पैसा लागत नाही.

इंटेल घेताना दोन गोष्टी बघाव्यात. नावाच्या शेवटी एफ असेल तर आतले ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंक नाही. आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लावले की काही मदरबोर्ड आतले ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर चालू करावे लागते. हे न केल्यामुळे वर्षभर क्विक सिंकशिवाय काम करणारी मशीन कमी नाहीत.

दिवसा एडिटिंग आणि रात्री गेम अशा दोन्हींसाठी एकच मशीन हवे असेल, तर ९९५०एक्स३डी हे खरे उत्तर आहे. पण ते लावून सोडून द्यायचे उत्तर नव्हे. त्यात आठ-आठ कोअरचे दोन तुकडे असतात आणि जादा कॅश एकाच तुकड्यावर. गेम त्याच तुकड्यावर चालला पाहिजे, ही जबाबदारी विंडोज आणि एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर मिळून पाळतात. बायोस ताजे करा, चिपसेट ड्रायव्हर टाका, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विंडोजचा गेम बार अद्ययावत करा, गेम मोड चालू ठेवा आणि रीस्टार्ट करा. मग गेम चालू असताना रिसोर्स मॉनिटरमध्ये सीपीयूचे पान उघडा. निम्म्या कोअरवर ‘पार्क्ड’ (विश्रांतीत) लिहिलेले दिसले की जमले. दिसले नाही, तर विंडोज आणि जी ही बटणे दाबून गेम बारच्या सेटिंगमध्ये ‘हा गेम आहे हे लक्षात ठेव’ या अर्थाच्या चौकटीत खूण करायची. आठ कोअरचा प्रोसेसर काढून त्याच विंडोजवर हा बसवला, तर बऱ्याचदा ही व्यवस्था नीट लागत नाही. नवे विंडोज टाकणे शहाणपणाचे. एवढी उस्तवार नको असेल आणि पोट गेमवर भरत नसेल, तर साधा ९९५०एक्स घ्यावा. निव्वळ गेमसाठी घेणाऱ्याने तर ९८००एक्स३डीच्या पुढे जाऊच नये. ९९५०एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांच्या अमेरिकेतल्या जाहीर किमतींतच २२० डॉलरचा फरक होता, तो ग्राफिक्स कार्डात घालावा.

आता उष्णता. परदेशी परीक्षणांतले तापमान बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असते. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कूलरला न ओढता आलेली वाढ. बावीसच्या खोलीत ७५ अंश दाखवणारी जुळणी चाळीसच्या खोलीत ९३ दाखवणार, आणि रायझन ९००० ची मर्यादा ९५ आहे. त्यापुढे प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो, पैसे ५.७ गिगाहर्ट्झचे दिले आणि मे महिन्यात मिळतात त्याहून कमी. विदर्भात, मराठवाड्यात हा हिशेब खरेदीच्या दिवशीच मांडावा लागतो. ९८००एक्स३डीला दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो; त्याची कॅश कोअरच्या खाली बसवलेली असल्याने उष्णता वर सरळ निघते, आणि गेममध्ये तो सहसा शंभर वॅटच्या आत राहतो. २८५के पूर्ण भारावर २५० वॅटपर्यंत जातो, ९९५०एक्स३डी २०० पर्यंत. त्यांना ३६० मिमीचा लिक्विड कूलर आणि पुढून जाळी असलेले कॅबिनेट हवे. समोर सबंध काच असलेली सुंदर कॅबिनेटे इकडच्या उन्हाळ्यात शोभेच्याच कामाची.

विदर्भात ‘कूलर कोणता घेऊ?’ या प्रश्नावर आधी ‘कोणता कूलर?’ असे विचारावे लागते. खोलीतल्या खसच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नये. ओल्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब आणि त्यातले क्षार आत जातात, धुळीला धरून बसतात आणि मदरबोर्डवर पांढरट-हिरवट थर धरतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, खिडकी उघडी ठेवा. आणि बायोसमध्ये ९९५०एक्स३डीला १०५ वॅटचा इको मोड लावून पाहा: प्रत्यक्ष मर्यादा १४२ वॅटवर येते, रेंडरचा वेळ थोडाच वाढतो, पंख्यांचा आवाज मात्र बराच उतरतो.

वीजही यातच मोजा. २०० वॅटचा प्रोसेसर, ३६० वॅटचे आरटीएक्स ५०८० आणि बाकीचे ८० धरले तर ६४० वॅट होतात. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ८५० वॅटचा घ्यावा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. रेंडर चालू असताना लाइट गेली की मशीनही जाते, आणि लोक प्रोसेसरला नावे ठेवतात.

रॅमबद्दल थोडक्यात. २०२५ च्या अखेरीपासून डीडीआर५ चे भाव भडकले, त्यामुळे ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा मोह वाढला आहे. एएम५ वर, म्हणजे सध्याच्या रायझनच्या सॉकेटवर, तो महागात पडतो. रायझन ९००० वर दोन पट्ट्यांना एएमडीचा अधिकृत वेग ५६००, चार लावल्या की ३६००. ६४ जीबी लागणार असेल तर पहिल्यापासून ३२ च्या दोन घ्या, ६००० चा वेग आणि सीएल३० (प्रतिसादाला लागणारा वेळ) बघून. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) चालू केले नाही, तर ६००० ची रॅम ४८०० किंवा ५६०० वरच पळत राहते. कुणी सांगत नाही आणि मशीनही तक्रार करत नाही.

जुळणीच्या टेबलावरच्या चुका ठरलेल्या आहेत. पिना आता प्रोसेसरला नसून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर दोन बोटांनी कडा धरून सरळ खाली ठेवायचा. सरकवला की दोन पिना वाकल्या, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नसते. सॉकेटवरचे काळे प्लास्टिक झाकण फेकू नका, बोर्ड परत पाठवताना तेच मागतात. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली, तर विंडोज उघडेपर्यंतच तापमान नव्वदीत जाते. जुन्या बी६५० चिपसेटच्या बोर्डवर रायझन ९००० बसवायचा तर आधी बायोस ताजे करावे: एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह, त्यात पुस्तिकेत सांगितलेल्या नावाची फाइल, तो ठरावीक यूएसबी पोर्टमध्ये, आणि मागचे फ्लॅशबॅक बटण. यासाठी प्रोसेसर बसवलेला असण्याचीही गरज नाही. २०२३ साली काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जास्त एसओसी व्होल्टेजने (प्रोसेसरमधल्या कोअरबाहेरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजने) जळाले, त्यानंतर नव्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर रोखले गेले. जुने बायोस ठेवून एक्स्पो चालू करू नये.

आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो, डीरॅमचा दिवा लागलेला असतो. ६४ जीबीला जास्तच वेळ लागतो. या वेळात घाबरून बटण दाबून बंद केले, की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

सेकंडहँड बाजाराबद्दल एक इशारा. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय९ सध्या स्वस्तात दिसतात. जादा व्होल्टेजमुळे त्यांतले अनेक प्रोसेसर आतून झिजले. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले. अपडेट पुढची झीज रोखते, झालेली भरून काढत नाही. लक्षण फसवे असते: अनरिअल इंजिनचा गेम उघडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येतो, कार्डावर १६ जीबी मोकळी असताना. असा प्रोसेसर घ्यायचाच असेल, तर विक्रेत्यासमोर मोठी झिप फाइल चार-पाच वेळा उलगडून पाहा. एकदाही सीआरसीची चूक (फाइल बिघडल्याचा संदेश) आली तर पैसे खिशात ठेवा. मूळ बिल आणि खोक्यावरचा सिरियल नंबर जुळतो का तेही बघा. ट्रेमधून आलेल्या सुट्या प्रोसेसरला खोक्यासारखी कंपनीची वॉरंटी नसते, दुकानदार देईल तीच.

संपादक महोदय, पुढचा तक्ता छापाल तेव्हा एल३ कॅश, पूर्ण भारावरचे वॅट, चाचणीचे रिझोल्यूशन आणि खोलीचे तापमान असे चार रकाने वाढवावेत, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर गिगाहर्ट्झचा रकाना काढला तरी चालेल.

आपले,
संगणक जुळणीचे काम करणारे काही वाचक, नागपूर