मकरंदला पत्र: दूधसागर घाटाचा जुना नकाशा

फोंडा, गोवा

प्रिय मकरंद,

नकाशाची झेरॉक्स पाठवतोय. मूळ प्रत मागू नकोस, मिळणार नाही! भारतीय सर्वेक्षण विभागाची 48 आय गटातली ही शीट, घाटातली रेल्वे लाईन मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांची) होती तेव्हाची.

आधी तपकिरी समोच्च रेषा बघ, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या. लगतच्या दोन रेषांमध्ये 20 मीटर उंची. घाटातला सर्वांत खडा चढ 37 ला 1, म्हणजे रूळ 740 मीटर धावले की कुठे एक रेषा ओलांडतात. 50 हजाराला 1 या नकाशाच्या प्रमाणात ते अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर. म्हणून लाईन डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत राहते, सोंड आडवी आली की बोगदा. पायथ्याच्या कुळ्यांहून वर चढणाऱ्या मालगाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, का लावतात, ते इथे बोट ठेवून दाखवता येतं. धबधब्याचा प्रकार उलटा. 310 मीटरचा उतार, त्यामुळे पंधराएक रेषा नुसत्या एकमेकींवर चढल्यात.

1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ही लाईन आली, 1888 मध्ये सुरू झाली. घाटमाथ्याचा माल मुरगाव बंदरात उतरावा, एवढा सरळ हिशेब. मीटरगेज गेली 1990 च्या दशकात.

आता तुझा हेका: सह्याद्री म्हणजे सगळा लाव्हा. तुम्हा कोल्हापूरकरांचं ठीक आहे, पण दख्खनचा तो 6.6 कोटी वर्षांचा काळा कातळ गोव्यात ईशान्येला, सत्तरीच्या बाजूला जेमतेम शिरतो. अनमोड घाटातला पट्टेदार नाइस (दाबाने-उष्णतेने रूप पालटलेला खडक) 300 कोटी वर्षांहून जुना. ज्वालामुखीच हवा असेल तर बार्से भागातले हिरवट खडक बघ. तोही लाव्हाच, पण दाबाने-उष्णतेने रूप पालटलेला, दख्खनच्या कितीतरी आधीचा. टोपोशीटवर, म्हणजे या उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर, यातलं काही दिसत नाही. त्यासाठी भूवैज्ञानिक नकाशा वेगळा घ्यावा लागतो.

जंगलाचा हिरवा रंग बहुतेक पानभर आहे. मोलेचं अभयारण्य 1969 चं. घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपासून कुळ्यांपर्यंत दुसरा रूळ टाकायला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. मला विचारशील तर बरं झालं. एका रुळासाठी डोंगर किती कापलाय ते या शीटवर दिसतंच, शेजारी पेन्सिलने दुसरी रेघ ओढून बघ.

चवथीला येशील तेव्हा गाडीनेच ये, दिवसाची बघ. रुळांवरून चालायला बंदी आहे, तेव्हा ट्रेकचं खूळ काढून टाक. नकाशा मांडीवर घेऊन खिडकीत बस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक