प्रतिकारशक्तीला लगामही हवा

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात अर्धीच बाजू आली आहे. बेलगाम प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. तिला आवरणाऱ्या नियामक टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळाले. इंटरल्यूकिन-२ या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश पोहोचला नाही किंवा त्यांना घडवणारे फॉक्सपी-३ जनुक बिघडले, तर या पेशी नीट घडत नाहीत.

आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप-१ मधुमेह आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या. वैशाखात वीज गेली की तिची आई माठाला ओले फडके गुंडाळून त्यात इन्सुलिनची बाटली ठेवते. या मुलीलाही ‘ताकदीचा’ काढा सुचवणारे भेटतात. कृपया दुसरी बाजूही छापावी.

– एक शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती