फाशीची अपिले आणि बालगृहांची जुनी दप्तरे : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

फाशीच्या कैद्यांच्या बालपणाचे पुरावे शोधणाऱ्या आपल्या मंडळातर्फे हे पत्र घाईत लिहीत आहे. फाशी कायम करण्यासाठी उच्च न्यायालयात आलेल्या एका प्रकरणाची सुनावणी तोंडावर आली आहे आणि त्या कैद्याच्या बालपणाबद्दल आपल्या हाती आज चिटोराही नाही. लहानपणी तो या बालगृहातून त्या बालगृहात फिरत राहिला, एवढे त्याच्या आत्याकडून कळले. तिथे काय झाले हे तो अर्धवट सांगतो आणि गप्प होतो. खालच्या कोर्टात शिक्षेच्या मुद्द्यावर ‘आरोपी गरीब आहे, वय लहान आहे, दया व्हावी’ यापलीकडे काही मांडलेच गेले नाही.

जुन्या सभासदांना पुढचे पाठ आहे, नव्यांसाठी लिहितो. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि या टप्प्यावर उच्च न्यायालय जादा पुरावाही घेऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचनसिंग निकालापासून शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करायचा आहे. हा माणूस सुधारूच शकत नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची आहे. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणती माहिती कोर्टापुढे आली पाहिजे तेच सांगून टाकले : घरची पार्श्वभूमी, लहानपणी झालेला हिंसाचार किंवा हेळसांड, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या वसंता दुपारे या फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. फेरविचार याचिका फेटाळल्यानंतरही, मनोज निकालातली पद्धत पाळलेली नसेल तर शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येतो असे ठरले, अर्थात सरसकट नव्हे. अमेरिकेत २००३ साली केव्हिन विगिन्सची मृत्युदंडाची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली तीही याच कारणाने. आईच्या हातून आणि पुढे ज्या परक्या घरांत त्याला सांभाळायला ठेवले तिथे त्याचा जो छळ झाला, त्याची पुरेशी चौकशी त्याच्या वकिलांनी केलीच नव्हती.

म्हणजे दार उघडे आहे. आत न्यायला कागद नाही.

कागद का नाही, हे जरा सविस्तर सांगतो, कारण मागच्या सभेत ‘सरकारी दप्तरात सगळे असतेच’ असे एका सन्माननीय सभासदांनी ऐकवले. बाल न्याय कायद्यानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाच्या, दोषसिद्धीची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असतात. २०१६ च्या नमुना नियमांत ती मुदत सात वर्षे आहे. हेतू चांगला आहे, पोराला पुढच्या आयुष्यात डाग लागू नये. आम्ही या तरतुदीच्या बाजूचेच आहोत. पण हाच मुलगा पुढे फाशी यार्डात पोहोचला की त्याला मारले, कोंडले, मोठ्या मुलांच्या ताब्यात दिले याचा धागा त्या कागदांबरोबर गेलेला असतो. गुन्ह्याशी संबंध नसलेली, केवळ अनाथ किंवा हरवलेली म्हणून दाखल झालेली मुले तर बहुसंख्य. त्यांच्या फायली संस्था बंद पडली की कुणाच्या तरी माळ्यावर जातात, नाहीतर रद्दीत.

तरी काहीबाही उरते. प्रवेश नोंदवही, हजेरीपट, औषधांची वही, मुलगा पळाल्याची पोलीस ठाण्यात दिलेली खबर. ते वाचायचे कसे हे आम्हाला आपल्या परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) काकांनी शिकवले. एकच मुलगा पुन:पुन्हा पळाला अशी नोंद असेल तर तो कशापासून पळत होता हे विचारा, असे ते म्हणत. औषधांच्या वहीत ‘पडून लागले’ हा शेरा एकाच खोलीतल्या मुलांपुढे सारखा दिसला, तर त्या खोलीचा काळजीवाहक कोण होता ते पाहा. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपल्या सगळ्या जुन्या डायऱ्या मंडळाला दिल्या. त्यातल्या दोन ओळींवरून एका कैद्याचे बालगृह सापडले, तिथल्या स्वयंपाकीणबाई सापडल्या, त्यांनी प्रतिज्ञापत्र केले आणि त्याची फाशी जन्मठेपेवर आली. बाईंना लिहिता येत नव्हते, अंगठा उठवताना मात्र हात थरथरला नाही. त्यांचे ऋण मोठे आहे.

ऋण मानायचे तर यादी लांबेल, पण लांबू दे. पहिली काही वर्षे एक पैसा न घेता कोर्टात उभे राहिलेले आपले माजी अध्यक्ष वकीलसाहेब. मोडीसारख्या अक्षरातल्या नोंदवह्या रात्री जागून टंकलिखित करणाऱ्या काकू. छपाईचे बिल ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत आजवर न लावणारे प्रेसवाले. तुरुंगातल्या मुलाखतींसाठी रजा टाकून येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ ताई. ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुरुष पहिल्या भेटीत ‘तिथे बरे होते’ असेच सांगतो, हे त्यांनी आम्हाला समजावले आणि घाई करू दिली नाही. निवृत्तिवेतनातून दर वर्षी दसऱ्याला न सांगता पाकीट पाठवणाऱ्या शिक्षिका बाईंचे नाव लिहायचे नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे.

आता थोडे कटू. मागच्या आवाहनाला आलेली उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी होती. वार्षिक सभेत टाळ्या भरपूर, त्यानंतर फोन उचलले जात नाहीत. ‘खुन्यांसाठी वर्गणी कशी मागायची’ असे काहींनी तोंडावर विचारले. बळी गेलेल्यांच्या घरी आम्हीही गेलो आहोत, त्यांचे दु:ख आम्हाला दिसते, आणि दोषी ठरलेल्याला निर्दोष म्हणा असे या कामात कुठेही म्हटलेले नाही. अधिक बोचला तो दुसरा सवाल, कारण तो बालगृहात वाढलेल्या एका गृहस्थांचा होता : ‘आम्हीही तिथलेच, आम्ही कुणाचा जीव घेतला नाही.’ बरोबर आहे त्यांचे. बालपणाने हात बांधले जातात असे आम्ही म्हणतच नाही. पण त्या भिंतीआड काय चालत होते हे शपथेवर सांगू शकतील अशी माणसे हीच. ते गृहस्थ पुन्हा आले तर त्यांच्यासाठी खुर्ची आहे.

एक कागद काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले. १९९४ च्या पुण्यातील खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेले नारायण चौधरी. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदवहीत त्यांचे नाव निरानाराम होते. त्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी ते १२ वर्षे ६ महिन्यांचे, म्हणजे अल्पवयीन, होते हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि मार्च २०२३ मध्ये ते सुटले. तोवर तुरुंगात २८ वर्षांहून अधिक काळ गेला होता. बालगृहात तर नाव पोलिसांनी ठेवलेले, वय डॉक्टरांनी अंदाजे लिहिलेले. तिथे शोध किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा मागणे असे. बालगृह, निरीक्षणगृह किंवा जुन्या रिमांड होममध्ये अधीक्षक, गृहपिता, शिक्षक, परिचारिका, स्वयंपाकी म्हणून काम केलेले कुणी आपल्या ओळखीत असेल तर कळवा. तिथे वाढलेल्यांनी स्वत:हून बोलावे. नाव बाहेर जाणार नाही, कोर्टात यायचे की नाही ते त्यांनीच ठरवायचे. जुन्या वह्या, सहलीचे फोटो, संस्थेचे वार्षिक अहवाल रद्दीत घालू नका. ज्याचा कागद त्याच्या लेखी संमतीशिवाय आम्ही काही उघडत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात : नकला, प्रवास, भाषांतर, तज्ज्ञांचा अहवाल यांवर खर्च होतो, वकील फी घेत नाहीत. धनादेश मंडळाच्या नावे, रेखांकित. खाते क्रमांक जुन्या पावतीवरचाच. आयकर सवलतीच्या (८०जी) प्रमाणपत्रासाठी पॅन लिहा, रोख २,००० रुपयांवर असेल तर ती सवलत मिळत नाही. परदेशातून देणगी पाठवू नये, परदेशी देणगी घेण्याची आपली नोंदणी नाही. परगावच्या सभासदांनी पावतीसाठी पूर्ण पत्ता व पिनकोड द्यावा. कार्यालय संध्याकाळी उघडे, रविवारी बंद. वस्तू आणायच्या तर आधी फोन करा, जिना अरुंद आहे. सुनावणीपूर्वी प्रतिज्ञापत्रे दाखल व्हायची आहेत, म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’ असे कृपया कुणी म्हणू नये.

आपला,
चिटणीस

ता. क. : पारधी बोली समजणारी आणि मराठीत लिहू शकणारी व्यक्ती तातडीने हवी आहे. आत्याबाईंचे बोलणे ध्वनिमुद्रित आहे, पण त्यातले निम्मे आम्हाला कळलेले नाही.