'बरा झाला' असं कार्डावर लिहिलंय

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी डोंबिवलीत घरोघरी दूध टाकतो. माझी लाइन जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींची. पूर्वी चार मजले एका दमात चढायचो. आता दुसऱ्या मजल्यावर क्रेट टेकवतो, कठडा धरतो, ओठांचा चंबू करून श्वास सोडतो, मग पुढे. तिसऱ्यावरच्या काकूंनी माझ्यासाठी जिन्यात स्टूल ठेवलंय. टीबी होऊन गेल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. दमा आहे म्हणालो. दमेकऱ्याला लोक स्टूल देतात.

2021 साली सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला. एकही गोळी चुकवली नाही. थुंकी निगेटिव्ह आली, वजन भरलं, कार्डावर 'बरा झाला' लिहून मिळालं. ते खोटं नाही, जंतू गेले. पण त्यांनी पोखरलेल्या जागी फुफ्फुसात व्रण राहिले. काही श्वासनळ्या सैल पडून रुंदावल्या आणि त्यात बेडका साचतो. याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात, हे मला तीन वर्षांनी कळलं.

तोवर ठरलेलं चक्र. खोकला वाढला की थुंकी तपासा, निगेटिव्ह आली की 'टीबी नाही, घरी जा'. एका डॉक्टरांनी तर एक्स-रेतले जुने डाग बघून टीबीच्या गोळ्या पुन्हा लिहून दिल्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी त्या थांबवल्या आणि मला नळीत जोरात फुंकायला लावलं. स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसात किती दम आहे ते मोजायची चाचणी. अर्ध्या तासाचंही काम नाही.

साहेब, उपचार संपल्यावर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी रुग्णाला पुन्हा बघायचं, असं टीबी कार्यक्रमाच्या सूचनांत आहेच. पण सगळा रोख टीबी उलटलाय का यावर. त्याच भेटीत दम लागतो का, जिना चढवतो का, एवढं विचारायला काय हरकत आहे? शेवटच्या गोळीच्या दिवशीच फुंकायची चाचणी करा. उपजिल्हा रुग्णालयात श्वासाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट द्या. पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 झाले, चांगलंच झालं. पण ते गोळ्यांबरोबर संपतात, धाप संपत नाही. आणि 2016च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात फुफ्फुस नाही. कायदा केंद्राचा आहे, ठाऊक आहे. शिफारस तर तुम्हीच करू शकता ना?

आमच्या शेजारच्या ताईंना एमडीआर टीबी होता, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. तेव्हा कानामायसिनची इंजेक्शनं द्यायचे, महिनोन् महिने. आता उपचार गोळ्यांवर आलाय, पण त्या इंजेक्शनांनी गेलेले त्यांचे कान काही परत आले नाहीत. हे पत्र मी त्यांना समोर बसून, मोठ्याने वाचून दाखवलं. मध्ये दोनदा दम खायला थांबलो. म्हणाल्या, "कानाचंही लिही." लिहिलं.

आपला,
एक दूधवाला, डोंबिवली