काथ्या बांधणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

"लिहायचं तर लिही, पण माझं नाव घालू नको," असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून घालत नाही. गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात ओळखायचे ते ओळखतीलच. वाळपईच्या बाजारात तुम्ही 'सफरचंदवाले' म्हणूनच ठाऊक आहात. जन्मात एक सफरचंद विकलं नसताना हे नाव कसं चिकटलं, ते इतरांसाठी सांगून टाकतो: फौजेतून सुटल्यावर सोबत्याच्या बागेत म्हणून तुम्ही शिमल्याकडच्या कोटगढला गेलात, महिनाभरासाठी. परतलात वीस वर्षांनी, एक करवत, एक सिकेटर (छाटणीची कात्री) आणि हिमाचली टोपी घेऊन.

माझी आंब्याची झाडं छाटून दिलीत, पण मजुरी तुम्ही घेतली नाहीत. आईने दिलेली फणसाची साठं तेवढी नेलीत. म्हणून हे पत्र, आणि ते चारचौघांत, कारण माझी चूकही चारचौघांनी पाहिली होती.

बाबा गेले आणि भाट, म्हणजे आमची बागायत, माझ्याकडे आलं. आजोबांनी लावलेली मानकुराद आंब्याची चौदा झाडं. मी पणजीला नोकरीला, शनिवार-रविवारचा शेतकरी. झाडं इतकी माजली होती की एकाच्या खांद्या (फांद्या) दुसऱ्यात शिरलेल्या, खाली भर दुपारी दिवेलागण. मोहोर यायचा तो फक्त डोक्यावर, जिथे ऊन पोचतं तिथे. आंबे काढायला येणारा गडी वर बघायचा आणि मजुरी दुप्पट सांगायचा. वर चढून झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, काढलेले निम्मे, बाकीचे खाली आपटून फुटलेले. पावणी (झाडांवरच्या फळांचा लिलाव) घेणाऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "बाब, ही झाडं नव्हेत, रान आहे."

मग मी रात्री बसून छाटणीचे व्हिडिओ बघायला लागलो. समोर आले ते सगळे सफरचंदाचे. बर्फ पडलेला, झाडं पानं गाळून उघडी, आणि टोपीवाला माणूस पटापट शेंडे उडवतोय. बघायला इतकं सोपं! म्हापशाच्या बाजारातून सिकेटर आणलं आणि जानेवारी 2022 मधल्या एका शनिवारी हाताला येतील त्या तीन झाडांचे शेंडे गोल कापून काढले, न्हाव्याने करावं तसे. दिवसभर स्वतःवर खूष होतो.

फेब्रुवारीत तुम्ही आईकडे आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली न्यायला आलात. भाटाकडे बघून विचारलंत, "हे कोणी केलं?" मी छाती काढून म्हटलं, मी. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात.

"छान कापलंस. सफरचंद असतं तर."

अंगणात बसून तुम्ही जे सांगितलंत ते मला कोणत्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं. सफरचंद फळतं ते आखूड, गाठाळ काड्यांवर. तिकडे त्यांना 'बीमा' म्हणतात. (मला पहिल्यांदा वाटलं, तुम्ही आयुर्विम्याचं काहीतरी विकताय.) या बीम्यांवर वर्षानुवर्षं फळ येत राहतं, म्हणून तिथे लांब वाढलेली काडी कापली तरी फळाचं घर शाबूत राहतं. आंब्याचं उलटं. आंब्याचा मोहोर शेंड्याला येतो, तोही जून झालेल्या काडीच्या शेंड्याला. पावसाळ्यात फुटलेली पालवी चवथीनंतर हळूहळू पक्व होते आणि थंडी पडली की तिच्या टोकाचा डोळा फुगतो. मी जानेवारीत कापले ते शेंडे नव्हते, तो मोहोर होता. माझ्या हातून गेलेले डोळे मोजायला तुम्ही मला लावलं नाहीत, हे उपकारच. त्या तीन झाडांनी त्या वर्षी मोहोर म्हणावा असा दिला नाही, पाला मात्र भरपूर.

"सफरचंदाची अक्कल आंब्याला लावू नको," असं म्हणालात, आणि पुढच्याच वाक्यात एक अक्कल तिकडचीच दिलीत. झाड कोणतंही असो, छाटणी ही उजेडाची वाटणी. कोटगढच्या बागा 1916 च्या सुमाराला सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेहून आलेल्या माणसाने डेलिशस जातीची कलमं आणली तिथून सुरू झाल्या, आणि त्या डेलिशसला भाव तिच्या लालीचा. आतल्या फळापर्यंत ऊन गेलं नाही तर ते फिकं राहतं आणि पेटीत खालच्या थरात जातं. मी शहाणपणा केला, "पण काका, मानकुरादचं तर नावच पोर्तुगीजांनी 'मालकोरादो' ठेवलं, वाईट रंगाचा. त्याला कसली लाली?" तुम्ही हसलात. म्हणालात, ह्याला ऊन रंगासाठी नको, मोहोरासाठी हवं. आणि मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे दाट सावलीतच पोसतात, हे वेगळं सांगायला नको.

पण कापायला तुम्ही त्या फेब्रुवारीत हात लावू दिला नाहीत. पावसाआधीही नाही, कारण ताज्या जखमेवर चार महिने पाणी मुरलं की खांदी आतून कुजते. तुम्ही आलात ते थेट दसऱ्याला. आणि काय केलंत? मला झाडाखाली आडवं पाडलंत.

ते दृश्य आई अजून सांगते. मी पँट-शर्टात पाचोळ्यावर उताणा, तुम्ही बाजूला उकिडवे. सफरचंद हिवाळ्यात पानं गाळतं, त्याचा सांगाडा उभ्याने दिसतो. आंबा कधी उघडा पडत नाही, म्हणून त्याला खालून बघायचं. बारा वाजता आकाशाचे किती तुकडे दिसतात, जमिनीवर उन्हाचे किती कवडसे पडतात. मी पाहिलं तेव्हा कवडसे नव्हतेच.

मग तुम्ही काथ्याची गुंडी काढलीत. जी खांदी जावी असं वाटतं तिला काथ्या बांधायचा आणि घरी जायचं. कापायचं तुळशीचं लग्न झाल्यावर. मध्ये जितके शनिवार मिळतील तितक्यांदा खाली आडवं पडून तीच खांदी डोळ्यांनी काढून बघायची: ती नसेल तर काय दिसेल? मला हा वेळकाढूपणा वाटला होता, आज कबूल करतो. पण त्या महिन्याभरात मी स्वतः चार काथे सोडले आणि दोन वेगळ्याच खांद्यांना बांधले. पहिल्या दिवशी कापलं असतं तर चार खांद्या फुकट गेल्या असत्या आणि त्या पुन्हा चिकटवता येत नाहीत.

चौदापैकी पाचच झाडं घेतलीत. बाकीची राहू देत, घरात खायला आंबा नको का, म्हणालात. प्रत्येकाच्या मधली सरळ वर गेलेली खांदी, काही ठिकाणी मांडीएवढी, ती काढून झाडाचं पोट उघडं केलंत. जाड खांदी एका घावात कापायची नाही हे तिथे शिकलो: आधी खालून थोडी चीर, मग जरा पुढे वरून कापायचं, म्हणजे वजनाने खाली जाताना साल सोलवटत नाही. उरलेला खुंट शेवटी. खांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी एक वळी असते, तिच्या बाहेरून. वळी कापली तर जखम भरत नाही आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळून आत कुजतो. तुम्ही माझा हात धरून बोट त्या वळीवर फिरवलंत. आता अंधारातही सापडेल.

कापलेल्या जखमेला लावायच्या बोर्डो पेस्टचं मात्र लिहूनच ठेवतो, कारण मला विचारणारे खूप आहेत. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळी भिजवायची, प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात, लोखंडी बादलीत कधीच नाही. दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या भांड्यात ओतायचं. मग तुम्ही खिशातली सुरी काढून त्यात बुडवलीत. पातं तांबूस झालं म्हणजे मोरचूद वरचढ, आणखी चुना घाल. आईने लगेच विचारलं, "सोलकढीत आंबट जास्त झालं तर नारळाचा रस घालतात, तसंच का?" तसंच, म्हणालात.

तो दिवस आईला जड गेला. शेवटची खांदी पडली तेव्हा ती आत निघून गेली. बाबांनी पोरासारखी सांभाळलेली झाडं, आणि मुलाने बोडकी केली. वाटेने जाणारे थांबून बघायचे. एकाने तर विचारलं, भाट विकलं काय? तुम्ही बाहेर बसून राहिलात, ती चहा घेऊन येईपर्यंत. समजावलं नाहीत, बरं वाटेल असं काही बोललाही नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

2023 साली मानकुरादला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. पेपरात फोटो, सगळीकडे कौतुक, आणि माझ्या त्या पाच झाडांवर एकही आंबा नाही. होती फक्त फूट, झाडूसारखी. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून धीर टिकला. प्रत्येक खुंटाजवळच्या फुटीतली बाहेरच्या बाजूला झुकणारी दोन-तीन ठेवली, बाकी हाताने मोडली. उघड्या पडलेल्या जाड खांद्यांना चुना फासला, नाहीतर उन्हाने साल भाजते. आणि दर आठवड्याला खोडाच्या बुंध्याशी वाकून भुसा पडलाय का ते बघितलं, कारण अशा झाडांवर खोड पोखरणारा भिरूड टपलेला असतो. दोन ठिकाणी सापडला. तार घालून अळी ओढून काढली, भोक मातीने लिंपलं. हे काम मला का आवडतं, सांगता येत नाही. पणजीच्या ऑफिसात काही चुकलं तर भुसा असा दिसत नाही.

2024 ला थोडा मोहोर आला. यंदा त्या पाचांवर आतून, खालून, हाताला येईल असा आला. आईने जमिनीवर उभी राहून झेल्याने आंबे काढले. पहिला डझन हजारांत विकला जातो तेव्हा आमचे बाजारात नव्हते. आमची झाडं सावकाश येणारी, आणि मला त्याचं दुःख नाही. गडी मात्र बदलला: यंदा न सांगता आला आणि मजुरीही कमी सांगितली. दरम्यान आणखी चार झाडं केली, ती तुम्ही नसताना. काथ्या बांधून.

जाता जाता त्या दोन रोपांचं. धाकट्या भावाने हौसेने मागवलेली सफरचंदं, एचआरएमएन 99. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी उष्ण भागासाठी निवडलेली जात. त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली तेव्हा भावाची मान ताठ झाली. तुम्ही रोपं पाहून म्हणाला होतात, डेलिशसला सात अंशांखालची थंडी शेकडो तास लागते आणि आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर. हे जगेल, फळेलही कदाचित, पण त्याला झोप कशी लागायची? नंतर मी वाचलं की इंडोनेशियात बातू शहराकडे सफरचंदाची पानं हाताने ओरबाडून काढतात, म्हणजे झाडाला वाटतं हिवाळा झाला. भावाने डिसेंबरात तसं केलं. एका रोपाला सहा फुलं आली, फळ एकही टिकलं नाही. पण तो फुलं बघायला मित्रांना घेऊन आला होता. तुम्ही तुमची टोपी घालून यायला हवं होतं त्या दिवशी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. विहिरीकडच्या झाडावर, दक्षिणेकडे आडव्या गेलेल्या जाड खांदीला तुम्ही पहिल्या दसऱ्याला काथ्या बांधला होता. उजेडाच्या हिशेबात ती जायलाच हवी होती, मलाही कळत होतं. मी काही बोललो नाही. तुळशीच्या लग्नानंतर करवत घेऊन तुम्ही तिच्यापाशी गेलात, सालीवरून हात फिरवलात, आणि म्हणालात, "ही राहू दे. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही तेच.

काका, त्या सालीवर दोरखंडाचे दोन वळ आहेत. बाबांनी मला तिथे झोपाळा बांधला होता. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं, आईनेही नाही. मी नंतर तिला विचारलं.

तो काथ्या या पावसात कुजून गळून पडला. नवा मी बांधलेला नाही. आगळ तयार आहे, साठंही घातली आहेत. दसऱ्याला याल तेव्हा विहिरीकडचं झाड आधी बघू.

तुमचा,
शनिवार-रविवारचा शेतकरी