काळ्या मातीवर गिट्टीची वाट

संपादक महोदय,

इंदुरात नवं घर झालं की फाटकापासून पोर्चपर्यंत सगळं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकने झाकून टाकतात. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरचं पातळ काँक्रीट तडकतं, ब्लॉक वरखाली होतात. गिट्टी, म्हणजे फोडलेल्या दगडाची खडी, मातीबरोबर हलते आणि दाताळं फिरवलं की पुन्हा सपाट होते. म्हणून तिचा विचार जरूर व्हावा. पण ट्रॉली रिकामी करून नुसती पसरलेली गिट्टी पावसाळ्यात चिखलात गडप होते. खरं काम तळाचं आहे.

१० फूट रुंद, ४० फूट लांब वाटेसाठी ८ इंच खोदून तळ ठोकावा आणि जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कृत्रिम कापड) अंथरावं. ते वगळलं तर चाकांच्या दाबाने ओली माती वर येते, गिट्टी खाली जाते. कापडावर ४० मिमीची गिट्टी ४ इंच, मग २० मिमीची २ इंच, सर्वात वर १० मिमीची २ इंच. प्रत्येक थर वेगळा दाबावा. दाबून २६७ घनफूट भरते, तेव्हा माल सव्वातीनशे घनफूट मागवावा, त्यात चुरी (दगडाची भुकटी) नको. नदीचे गोल गोटे घेऊ नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखालून सरकतात. दोन्ही बाजूंना काँक्रीटची कड हवीच.

‘गिट्टीतून पाणी आपोआप मुरतं’ हे इथे अर्धंच खरं. भिजलेली काळी माती पाणी फार सावकाश शोषते. गिट्टीच्या पोकळ्यांत साधारण दोन इंच पाऊस मावतो. तो तिथेच तुंबला तर तळ मऊ पडतो. त्यासाठी तळाशी भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप कापडात गुंडाळून, उतार देऊन शोषखड्ड्यापर्यंत न्यावा. जोत्यालगतचे ३ फूट मात्र पक्के, बाहेर उतार दिलेलेच ठेवावेत. पायाशी पाणी मुरलं की तीच माती फुगून भिंतींना तडे देते.

तोटेही खरे आहेत. स्कूटरचा साइड स्टँड रुततो. काठी टेकत चालणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि व्हीलचेअरला ही वाट त्रासाचीच. दहा फुटांत एक फुटाहून जास्त चढ असेल तर गिट्टी घसरत खाली येते. झाडू चालत नाही. कडुनिंबाचा पाला वेचला नाही तर कुजून त्याची माती होते आणि वरून पडलेलं बी त्यात रुजतं. हे तण खालचं कापड अडवू शकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी वरचा थर थोडा भरावा लागतो.

फाटकाच्या आतले ४ फूट फरशीचेच असावेत. नाहीतर खडी रस्त्यावर जाते आणि दुचाकीवाले घसरतात. सडा-रांगोळीलाही तेवढी जागा राहते.

घरात म्हातारी माणसं किंवा दुचाकी असतील तर आमच्या मते मधला मार्ग बरा: चाकांपुरत्या, २-२ फूट रुंद अशा दगडी लाद्यांच्या दोन पट्ट्या, मध्य ते मध्य ५ फूट अंतर, उरलेल्या जागेत गिट्टी. लाद्या किमान ३ इंच जाड आणि आकाराने लहान घ्याव्यात. मोठी पातळ लादी गाडीखाली मोडते, लहान लादी खचली तर उचलून पुन्हा बसवता येते.

– बांधकाम क्षेत्रातील काही वाचक, इंदूर